पंजा उचललेला वाघ

अप्पा, परवा अण्णाच्या नातीनं जेवता जेवता जाहीर करून टाकलं की एकदाच काय तो सोक्षमोक्ष लावायला पाहिजे. ती पुण्याला इंजिनिअरिंग करते, सुट्टीला आली होती. टीव्हीवर सीमेवरची कसलीशी बातमी चालली होती, चार माणसं एकाच वेळी ओरडत होती, आणि ही पोरगी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाली, "आपल्याकडेपण अणुबॉम्ब आहेत ना? मग घाबरायचं कशाला?" अण्णा समोरच बसला होता. रिमोट शोधून त्यानं टीव्ही बंद केला आणि ताकाची वाटी पुढे ओढली. मी मात्र ताट सोडून त्या पोरीकडेच बघत राहिले, कारण वाक्य तिचं होतं आणि आवाज तुमचा होता. पहिल्या शब्दाला ठसका देऊन बोलायची तुमची ती तऱ्हा. तुम्ही गेलात तेव्हा तिचा बाप शाळेत जात होता, तिला तुम्ही फक्त भिंतीवरच्या फोटोतले माहीत, तरी हे असं कुठून उतरतं कोण जाणे. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे. आज दुपारी घरातली सगळी आडवी झाली तेव्हा कागद घेऊन बसले.

तुम्हाला आठवत असेल, चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात वाळवंटात जमिनीखाली स्फोट केल्याची बातमी रेडिओवर लागली तेव्हा तुम्ही नुकतेच कारखान्यातून येऊन पाय धूत होता. ओल्या पायांनी तसेच आत आलात, रेडिओचा आवाज वाढवलात आणि तो उचलून खिडकीत ठेवलात. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आपल्या बोळात प्रत्येकाच्या घरी रेडिओ नव्हता असं नाही, पण ही बातमी आपल्या खिडकीतून लोकांनी ऐकावी असं तुम्हाला वाटलं असणार. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. बासष्टची लढाई झाली तेव्हा लहान होते, पण त्या वेळी तुम्ही आईच्या पाटल्या संरक्षण निधीला देऊन आलात आणि मग महिनाभर कुणाशी धड बोलला नाहीत, एवढं मला चांगलं आठवत होतं. पाटल्या गेल्याचं दुःख आईला. तुम्हाला हरल्याची लाज. बारा वर्षं ती तुम्ही उराशी धरून ठेवली होती. चिन्यांकडे बॉम्ब आहे आणि आपल्याकडे नाही, हे तुम्ही कुणाच्याही घरचं दूध नासलं तरी बोलून दाखवायचात. त्या संध्याकाळी तुम्ही म्हणालात, आता बघू म्हणावं. आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, आता बघू म्हणायला ते काय पलीकडच्या बोळात राहत्यात? तुम्ही हसलात. आईच्या बोलण्यावर तुम्ही हसला की तो विषय संपला असं आम्ही समजत असू.

अण्णा तेव्हा फौजेत होता. मॅट्रिक होऊन, तुमच्याच हट्टानं. त्याची पलटण उत्तरेकडे उंचावरच्या चौक्यांवर होती, समोर चिनी. इतकंच आम्हाला ठाऊक होतं, आणि त्याच्या पत्रांत थंडीशिवाय काही नसायचं.

तुम्ही कारखान्यात डिझाइन मास्तर. चादरींवरचे मोर आणि फुलं, भिंतीवर लावायच्या कापडांवरचे देवादिकांचे आणि पुढाऱ्यांचे चेहरे, सगळे तुमच्या हातचे. चौकटीच्या मोठ्या कागदावर तुम्ही चित्र काढायचा, एक चौकट म्हणजे एक धागा. मग त्या कागदावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडली जायची, पुठ्ठे दोऱ्यानं एकमेकांना जोडून मागावर चढवले जायचे, आणि जिथं भोक तिथला धागा वर उचलला जाऊन चित्र विणलं जायचं. मालकांनी संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेत कारखान्याचा स्टॉल मांडायचं ठरवलं होतं. लोक थांबून बघतील असं काहीतरी करा मास्तर, असं ते म्हणाले. तुम्हाला तेवढंच पाहिजे होतं. कित्येक महिने तुमच्या संध्याकाळी त्या एका कागदावर गेल्या. मधोमध वाघ, त्याचा पुढचा पंजा चिनी ड्रॅगनच्या मानेवर, मागं आकाशात छत्रीसारखा फुगलेला स्फोटाचा ढग आणि खाली ठळक अक्षरांत दोनच शब्द, ‘आता या’. ड्रॅगनचे खवले रंगवायचं काम तुम्ही मला दिलं होतं. लाल पेन्सिलीनं एकेक चौकट भरताना मला फार मजा वाटायची, खोटं का सांगू. तुम्ही वाकून बघायचात आणि म्हणायचात, हितं जरा कमी भर पोरी, मान दबलेली दिसली पाहिजे की.

पंचाहत्तरला गणपतीत अण्णा रजेवर आला. नमुन्याचं पहिलं कापड त्याच आठवड्यात मागावरून उतरलं होतं. त्याला धड अंघोळही करू न देता तुम्ही कारखान्यात घेऊन गेलात, आणि मलाही सोबत यायला सांगितलंत. मागांच्या खडखडाटात काही ऐकू येत नव्हतं, तर तुम्ही दोन माग थांबवायला लावलेत. कामगार गोळा झाले. तुम्ही कापड भिंतीवर लावून बाजूला उभे राहिलात, आणि सगळ्यांना सांगितलंत की हा माझा थोरला, समोरासमोर असतो त्यांच्या. सगळे अण्णाकडे बघू लागले. अण्णा चित्राकडे बघत होता. बराच वेळ बघून तो म्हणाला, वाघ लई झ्याक आलाय अप्पा. तुम्ही खूश झालात. वाटेत तुम्ही त्याला उसाचा रस पाजलात आणि मालक काय म्हणाले, मोठे साहेब लोक स्टॉलवर येणार आहेत, हे सगळं सांगत राहिलात. तो हूं हूं करत चालला होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा हूं काही बरा नव्हे.

जेवायला बसल्यावर तो बोलला. आई ज्वारीची भाकरी थापत होती, शेंगाची चटणी त्याच्या ताटात डोंगरासारखी वाढलेली. तो म्हणाला, तेवढं खालचं लिवलेलं काडून टाका अप्पा. तुम्ही विचारलंत का. तो चौकीवरची गोष्ट सांगायला लागला. तो इतकं सलग बोलताना मी पहिल्यांदाच बघत होते. म्हणाला, त्यांच्या आणि आमच्या मध्ये एक उतार आहे, उतारावर दगडांची रांग आहे, ती रेघ. रोज सकाळी त्यांच्यातला कुणीतरी एखादा दगड वीतभर इकडे सरकवतो. आमच्यातला कुणीतरी दुपारी तो परत जागेवर ठेवतो. कुणी कुणाला काही म्हणत नाही. वर्षानुवर्षं हेच चालू आहे आणि हे चालू आहे तोवर सगळं ठीक आहे असं दोघंही समजतात. एकदा एक नवीन जवान आला, तापट डोक्याचा. त्यानं रिकाम्या डब्यांचा एक माणूस केला, त्याच्या गळ्यात चपलांची माळ घातली आणि तो रेघेवर त्यांच्याकडे तोंड करून उभा केला. सगळे पोट धरून हसले. अण्णाही हसला. तासाभरात समोरच्यांनी त्यांच्या तोफेवरचं कापड काढलं. गोळी नाही, शिवी नाही, नुसतं कापड काढलं. मग आमच्यानी आमच्या तोफेवरचं काढलं. मग फोन सुरू झाले, चौकीवरून खाली, खालून आणखी खाली, दिल्लीपर्यंत. तिकडेही तसेच गेले असतील. तीन दिवस कुणी बूट काढले नाहीत. साहेबांनी तो डब्यांचा माणूस उचलायला लावला, तरी समोरच्यांनी लगेच कापड घातलं नाही, कारण हे लोक आता काय करतील याचा त्यांना भरवसा उरला नव्हता.

तुम्ही भाकरी मोडायची थांबवली होतीत. तुम्ही म्हणालात, ते तवाचं झालं. आता आपल्याकडंपण बॉम्ब हाय. आता ते भितील.

अण्णा म्हणाला, "त्येच सांगतोय की. आदी आमी एकटंच भीत हुतो. आता दोगंबी भिणार. भ्यालेला माणूस लई वाईट, अप्पा. त्याच्या हातात काय हाय ते बगून बोलावं."

मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुमचा कान लाल झाला होता, आणि लहानपणी तो लाल झाला की आई आम्हा भावंडांना बाहेर पाठवायची. आता आम्ही मोठे झालो होतो, कुणी बाहेर गेलं नाही. तुम्ही विचारलंत, सरकार तुला भ्यायचा पगार देतं काय. अजून मला ते ऐकू येतं अप्पा. फौजेतून रजेवर आलेल्या मुलाला, ताटावर. अण्णानं राग केला नाही. तो पाणी प्यायला आणि म्हणाला, व्हय, भ्यायचाच देतंय, जो भीत न्हाय त्याला आमचे साहेब पुढच्या चौकीवर ठेवत न्हाईत. आणि मग, "तुमी लिवलंय आता या. आले तर ते कुटं येतील? हितं शुक्रवार पेठेत न्हाय येणार. माझ्याकडं येतील."

आईची भाकरी तव्यावर करपली. तिनं ती बाजूला ठेवून दुसरी घेतली. तुम्ही ताटातच हात धुऊन उठलात.

रजा संपेपर्यंत तुम्ही दोघं बोलत होता, नाही असं नाही. पाणी आलं का, सायकलमध्ये हवा भर, असलं. तो निघाला त्या दिवशी आईनं कडक भाकऱ्यांचं आणि चटणीचं गाठोडं बांधलं. तुम्ही कारखान्यात महत्त्वाचं काम आहे म्हणून सकाळीच गेला होता. स्टेशनवर मी आणि आई गेलो. गाडी हलली तेव्हा अण्णानं मला सांगितलं, अप्पांस्नी म्हण वाघ खरंच झ्याक हाय. हा निरोप मी तुम्हाला दिला होता.

मग दिवाळीच्या तोंडावर पेपरात ती बातमी आली. चार ओळींची, आतल्या पानावर. आणीबाणीच्या त्या दिवसांत पेपरात सगळंच मोजकं यायचं. उत्तरेकडच्या सीमेवर गस्तीच्या तुकडीवर गोळीबार, काही जवान ठार. कुठली पलटण, कुठली चौकी, कुणाची नावं, काही नाही. तुम्ही ती बातमी वाचलीत, पेपराची घडी घातलीत आणि पुन्हा उघडून वाचलीत. चार ओळींत आणखी काही सापडेल असं तुम्हाला वाटत होतं. फराळ झाला, कारण आईनं तो अण्णाला पाठवायचा म्हणून करायला घेतलाच होता, पण डबा शिवून पोस्टात टाकायचं कुणी नाव काढेना. पोस्टमन यायच्या वेळेला तुम्ही कारखान्यातून घरी यायला लागलात. मालकांनी विचारलं तर पोटाचं कारण सांगायचात. एकदा बोळातले एक गृहस्थ तुम्हाला म्हणाले, मास्तर, आता तरी आपण एक टाकायला पाहिजे की नाही त्यांच्यावर? दोन महिन्यांपूर्वी तुम्ही त्यांना आत बोलावून चहा पाजला असता. त्या दिवशी तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत आणि विचारलंत, तुमची पोरं काय करत्यात हल्ली? ते म्हणाले, एक बँकेत, एक दुकानात. बरं हाय, असं म्हणून तुम्ही आत आलात.

दिवाळी होऊन गेल्यावर अण्णाचं कार्ड आलं. मी खुशाल आहे, थंडी वाढली आहे. बस्स. आई देवापुढे बसून रडली आणि उठून मला पेढे आणायला पिटाळलं. मी बोळभर वाटले, पळत पळत. तुमच्यासाठी दोन राखून ठेवले होते. तुम्ही कार्ड हातात घेऊन कॉटवर बसला होता. मी पेढा पुढे केला, तर तुम्ही माझा हात बाजूला सारलात. रागानं नाही. "त्या चार वळीत कुणाचातरी पोरगा हुताच की," असं म्हणालात. "त्येच्या बोळात आज काय वाटत असतील?" आई आतून म्हणाली, तोंड गोड करा हो, आपला वाचला. तुम्ही नाही केलंत. त्या वेळी मला तुमचा रागच आला होता. इतक्या दिवसांनी घरात जीव आला आणि हे असलं काय बोलायचं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पुठ्ठ्यांची ती सगळी माळ घरी आणलीत. कारखान्यातलं कुणी असं करत नाही, आणि तुम्ही तर एकदा पाडलेलं भोक बुजवण्याला कामचुकारपणा म्हणायचात. नीट काढलं असतं तर बुजवायची पाळी आलीच नसती, हे तुमचं ठरलेलं बोलणं. आता तुम्ही जमिनीवर मांडी घालून कागदाचे बारीक तुकडे खळीनं चिकटवत बसलात. भोक बुजलं की तिथला धागा उचलला जात नाही, चित्राच्या जागी नुसतं साधं कापड विणलं जातं. मी तुकडे कातरून देत होते. आधी दोन शब्द गेले. मग ड्रॅगनची शेपूट, पोट, मी रंगवलेले खवले, शेवटी मान. ढगापर्यंत तुम्ही पोचला नाहीत. गड्डा जवळ आला होता, आणि मला वाटतं तुमची बोटंही दुखत होती. मी विचारलं, मालक काय म्हणतील? तुम्ही म्हणालात, म्हणू दे. आणि मग खूप वेळानं, चिकटवता चिकटवताच, माझ्याकडे न बघता म्हणालात, बॉम्ब असू दे घरात. दारात उभं राहून हाका मारू नयेत.

मालक भडकलेच. तो भला माणूस होता, तुम्हाला कामावरून काढलं नाही, पण स्टॉल तोंडावर आणि दुसरं चित्र तयार नाही, तेव्हा तेच कापड विणून लावावं लागलं. वाघाचा एक पंजा उचललेला आणि पंजाखाली काहीच नाही. लोक थांबून बघायचे हे मात्र खरं. एक जण म्हणाला, वाघ लंगडा आहे काय हो? एक बाई नवऱ्याला सांगत होती, पुढं पाऊल टाकू का नको असा इचार करतोय बग. आणि मागचा तो ढग सगळ्यांना झाडच वाटला. वाघ आणि वडाचं झाड म्हणून ते कापड बरंच खपलं अप्पा, तुमच्या मोरापेक्षाही जास्त. आमच्या चुलत सासऱ्यांच्या बैठकीत ते पुढं कितीतरी वर्षं होतं. जेवायला बोलावलं की मी त्याच्याकडे पाठ करून बसायची, आणि पोरंबाळं त्या झाडाखाली वाघ वाघ खेळायची. मी कुणालाही सांगितलं नाही ते झाड कसलं ते.

पुढच्या रजेला अण्णा आला तेव्हा कापड बघायला स्वतःच कारखान्यात गेला. येऊन म्हणाला, बरं झालंय. तुम्ही म्हणालात, खळ चांगली हुती. एवढ्यावर तुमच्या दोघांचं भांडण मिटलं. चुकलं असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत, आणि त्यानंही ते मागितलं नाही. देश बळकट पाहिजे हे तुमचं मत शेवटपर्यंत तेच होतं. फक्त कुणी फार आवेशानं बोलायला लागलं की तुम्ही विचारायचात, पोरं काय करत्यात तुमची? लोकांना ते उद्धट वाटायचं. मला तेव्हा वाटायचं, हा काही मुद्दा झाला नाही. ज्याचा मुलगा फौजेत नाही त्यानं देशाबद्दल बोलूच नये की काय? अजूनही मला तो पुरता मुद्दा वाटत नाही. पण टीव्हीवरची ती चार माणसं ओरडायला लागली की माझ्या तोंडात तोच प्रश्न येतो.

परवा जेवण झाल्यावर मी नातीला ही सगळी गोष्ट सांगितली. ती हुशार आहे, तिनं मन लावून ऐकलं, वाघावर हसली, आणि मग तिनं विचारलं, "ते ठीक आहे आत्याआजी, पण आपण काही न म्हणताही ते आलेच तर?" प्रश्न बरोबर आहे. तुम्ही असता तर काय म्हणाला असता याचा मी विचार करत होते. अण्णा आरामखुर्चीत डोळे मिटून पडला होता, मला वाटलं झोपलाय. तो तसाच म्हणाला, "आले तर लडायचंच की. तवा कोन मागं सरलंय? पन बोलवायचं कशाला?" आणि त्यानं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. नातीला ते पटलं की नाही माहीत नाही. ती फोन घेऊन गच्चीत गेली.

हे मी अण्णाला दाखवणार नाही. तो वाचेल, आणि मग त्याला हे माझ्याबद्दलचं शेवटचंही वाचावं लागेल. तुम्हाला सांगते. पेपरातल्या त्या चार ओळींत कुणाचं नाव नव्हतं म्हणून तुम्हाला सगळेच आपले वाटले, तुमचा घास अडला. आता नावं येतात अप्पा. फोटो येतात, गाव येतं, तालुका येतो. अशी बातमी आली की मी चष्मा लावून आधी गाव बघते. सोलापूर जिल्ह्यातलं नसलं, की पान उलटते.